बुवा

आत्याच्या घरात त्याला सगळे बुवा म्हणतात. उंची पाच फुटांना जराशी कमी, पोट मोठं, मान सरळ, अंगावर आत्याच्या जुन्या इरकली नऊवारीतून शिवलेली गवसणी. सांगलीच्या गावभागातल्या त्या घराच्या माजघरात, दोन भिंतींच्या बेचक्यात, सतरंजीच्या घडीवर बुवा उभे असतात. कुणी दार आपटलं, कुकरची शिट्टी झाली, बोळातून एखादा टेम्पो हॉर्न देत गेला, की गवसणीच्या आतून बारीकसा झंकार येतो. आत्या स्वयंपाकघरातूनच म्हणते, "बुवा जागे आहेत."

बुवा म्हणजे तंबोरा. चार तारांचा, मिरजेचा.

चार तारा म्हणजे पंचम, जोडाच्या दोन आणि खर्ज. मधल्या बोटानं पहिली छेडायची, तर्जनीनं पुढच्या तीन, आणि पुन्हा पहिलीवर यायचं. त्याच्यावर गत वाजत नाही, तान निघत नाही. तालाशी त्याचं नातं नाही. गाणारा द्रुतात शिरला तरी बुवांची चाल बदलत नाही. मालकंस गायचा असेल तर पहिली तार मध्यमावर आणायची, मारवा असेल तर निषादावर. बुवा एवढीच तडजोड करतात. मैफलीत त्यांची जागा गवयाच्या मागे. त्यांच्यासाठी कुणी वन्समोअर मागत नाही, कार्यक्रमपत्रिकेवर त्यांचं नाव नसतं. तरी ज्यांना गाणं कळतं ते आधी त्यांची मर्जी सांभाळतात. किशोरीताई आमोणकर मैफलीआधी तंबोरे जुळवायला बसल्या की श्रोत्यांना थांबावं लागे, आणि श्रोते थांबत. तंबोरे जुळल्याशिवाय तोंडातून सूर काढायचा नाही, हे त्या पिढीचं व्रत होतं.

बुवांचं कूळ साधं आहे. पोट भोपळ्याचं. हा भाजीचा भोपळा नव्हे, कडू जातीचा, मोठ्या घेराचा. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेच्या काठच्या शेतांत तो खास यासाठी पिकवतात. उन्हात महिनोन्‌महिने वाळवतात, मग कापून आतलं बी नि गर काढतात, पाण्यात भिजवून आकार देतात. दांडी तुणीच्या लाकडाची. हे सगळं मिरजेला येतं आणि सतारमेकर गल्लीत त्याचं वाद्य होतं. ही कला तिथे साधारण १८५० च्या सुमारास रुजली. फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारं घराणं. इंग्रजी अंमलात हत्यारांची मागणी संपली. मिरज संस्थानात गवई-बजवय्ये होते, त्यांची वाद्यं बिघडत होती, ती दुरुस्त करता करता या भावांनी नवी करायला घेतली. त्यांच्या वंशजांचं आडनावच सतारमेकर झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आत्यानं वर्तमानपत्रातली ती बातमी कापून गवसणीच्या खिशात ठेवली. तिच्या मते ती बुवांच्या नावाने आलेली होती.

आजोबांनी हा तंबोरा आत्याला लग्नाआधी घेऊन दिला. पुढे लग्न झालं, आतोबा गेले, आत्या परत सांगलीला आली. तिनं गल्लीतल्या मुलींना गाणं शिकवून घर चालवलं. बुवांनी तेवढ्या वर्षांत किती पोरींचे कच्चे सूर सांभाळले असतील याची गणती नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा ते माळ्यावर होते. पाणी तिथवर पोचलं नाही, पण ओल पोचली. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तो सांधा उघडला, तारा गंजल्या. घर धुऊन झालं आणि आत्यानं पहिला खर्च केला तो बुवांना मिरजेला नेण्याचा. शेजाऱ्यांना ते विचित्र वाटलं; फ्रीज बंद पडलेला, गाद्या कुजलेल्या, आणि ही बाई रिक्षात तंबोरा घालून निघाली आहे. मला त्यात काही विचित्र दिसत नाही. त्या घरात पैसा आणणारा तोच होता.

आता मी त्यांच्याकडे कशी आले ते सांगते.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. एका पावसाळ्यात माझं काहीतरी बिनसलं. रात्रभर झोपून उठलं तरी हातपाय उचलत नव्हते. तेवढंच असतं तर मी टॉनिक घेऊन निभावलं असतं. भीती वाटली ती निराळ्याच गोष्टीची. मला मुलं नकोशी झाली. एखादं मूल रडत आलं की त्याला काय झालं याच्या आधी मनात यायचं, आता याची नोंद कुठल्या वहीत करायची. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले की मागे वळावंसं वाटत नसे. शिकवणं सोडून बाकीच्या कामांनी दिवस भरलेला होता: पोषण आहाराची वही, आधार क्रमांकांची जुळवणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, मतदारयाद्या, आणि रात्री अकराला व्हॉट्सॲपवर येणारं 'माहिती उद्या सकाळपर्यंत पाठवावी'. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात कलम २७ आहे. जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुकीची कामं सोडली तर शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावू नये, असं ते सांगतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकखोलीत हे कलम तोंडपाठ असलेला एकजण सापडतो. माझ्या शाळेत ती मी होते.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-बारा, सगळं पाहिलं आणि मला मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी बर्नआउट म्हटलं, रजा घ्यायला सांगितली आणि वाचायला काही दिलं. त्यातून हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे नाव कळलं. हा न्यूयॉर्कचा मानसशास्त्रज्ञ स्वतःचा दवाखाना उरकून संध्याकाळी गरिबांच्या मोफत दवाखान्यात राबायचा. तिथले स्वयंसेवक, आणि त्यांच्यासोबत आपणही, कसे आतून जळून जातो यावर त्यानं १९७४ साली निबंध लिहिला. जीव ओतून काम करणारेच आधी विझतात, हे त्यानं पाहिलं होतं. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी या अवस्थेचे तीन पैलू मांडले: शक्ती संपणं, ज्यांच्यासाठी काम करायचं त्या माणसांबद्दल कोरडं होणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. दुसरा पैलू वाचून मी रडले. मुलं नकोशी वाटणं ही माझ्या स्वभावातली खोट नव्हती, ते या दुखण्याचं लक्षण होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ तसाच राहिल्यानं उद्भवणारी स्थिती म्हणून केली. याचा अर्थ सरळ आहे. माणूस एकटा बिघडत नाही, कामाची घडी बिघडलेली असते. म्हणूनच थकलेल्या माणसाला एकट्यालाच सुधारायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि सांगणारे पुष्कळ भेटतात. पहाटे पाचला उठ. रोज दहा हजार पावलं चाल. कृतज्ञतेची डायरी लिही. मोबाइलवर ध्यानाचं अमुक ॲप घे, सलग किती दिवस बसलीस ते त्यात दिसतं. सगळी माझीच माणसं, सगळ्यांचा जीव माझ्यावर. पण प्रत्येक उपायाला भरायचा एक रकाना होता, आणि रकाने भरून भरूनच मी त्या दशेला आले होते.

अशात आत्याचा फोन आला. "घरी बसून भिंती काय बघतेस? माझ्याकडे ये. माझे हात थरथरतात हल्ली, खुंटी धरवत नाही. बुवा बेसूर उभे आहेत."

मी म्हटलं, "आत्या, मला गाता कुठे येतं?"

"गायला कोण सांगतंय? नुसता लाव. मला ऐकायचाय."

तंबोरा लावायचा म्हणजे आधी त्याच्यासमोर बसायचं. पेटीवर काळी चारचा सा धरून तो कानात घ्यायचा आणि पेटी बाजूला सारायची. आत्याचा यावर कटाक्ष. पेटी सुरुवात करून देते, पुढचं तिला विचारायचं नाही. खुंटी पिळून तार सुराच्या आसपास आणायची. मग घोडीच्या खाली, तारेत ओवलेला मणी असतो. तो खाली-वर सरकवून उरलेलं अंतर काढायचं. शेवटी दोरा. सुताचा एवढासा धागा तार आणि घोडीच्या मध्ये घालून हळूहळू पुढे न्यायचा. एका ठिकाणी तार एकदम उघडते, आवाजाला झणका येतो, लांबी येते. ती जागा पुढे-मागे केसभर चुकली की आवाज पुन्हा मिटतो. आत्या डोळे मिटून खुर्चीत बसलेली असायची. "अजून." "जास्त झालं." "आता मागे." याहून जास्त बोलायची नाही.

बुवांचे नखरे तेव्हा कळले. पावसाळी हवेत खुंट्या फुगतात, तारा सरकतात, दोरा दमट होऊन बसतो. सकाळी लावलेला तंबोरा दुपारच्या सरीनंतर लावलेला राहत नाही. उन्हाळ्यात लाकूड सुकतं आणि खुंटी घसरते, मग खुंटीला खडू लावून ती घट्ट करतात. माझ्या पर्समध्ये खडूचे तुकडे कायमचेच. आत्याला फार आनंद झाला. "बघ, तुझ्याकडचं काहीतरी बुवांच्या कामाला आलं." पंख्याखाली त्यांना चालत नाही. घाई त्यांना ओळखू येते. खुंटी झटक्यात पिळली की तार तुटून हाताला लागते. आणि कुणी कौतुक केलं म्हणून ते जास्त चांगले वाजत नाहीत, कुणी ओरडलं म्हणून सुरात येत नाहीत. माझ्या ओळखीत असं दुसरं कुणी नव्हतं.

त्यांच्या संगतीत मला पहिलं काय मिळालं असेल तर जोडाच्या तारांमधला हेलकावा.

दोन्ही तारा एकाच सुरात लावायच्या असतात. त्या जवळ आल्या, पण एक झाल्या नाहीत, की दोघींच्या आवाजात एक लाट सुरू होते. आवाज वाढतो, कमी होतो, वाढतो, कमी होतो. विज्ञानाच्या पुस्तकात याचं साधं गणित आहे. एक तार सेकंदाला २०८ वेळा कंप पावत असेल आणि दुसरी २०६ वेळा, तर सेकंदाला दोन लाटा ऐकू येतील. अंतर एकाचं राहिलं तर एक लाट. अंतर मिटलं की लाट मिटली. पण हे गणित कानानं करायचं म्हणजे निराळी गोष्ट. मणी सरकवला, लाट भराभर आली, म्हणजे उलट दिशेला गेलो. परत आणला, लाट संथ झाली. आणखी थोडा, आता ती इतकी लांबली की एका श्वासात मावेना. आणखी अगदी थोडा, आणि तिथे आता लाट आहे की नाही हे ठरवण्यासाठी मला सगळं सोडून ऐकावं लागलं. त्या वेळी डोक्यात दुसरं काही राहूच शकत नाही. मी मन रिकामं करायला गेलेच नव्हते. मी दोन तारांचं भांडण सोडवत होते, आणि मन आपसूक रिकामं झालं.

ध्यानाला बसून मला जे जमलं नव्हतं ते इथे जमलं. याचं कारण मला असं वाटतं की बुवा तुमचं लक्ष मागतात, तुमच्याबद्दल मत बनवत नाहीत. लाट आहे किंवा नाही. आज नाही जुळलं, तर उद्याही याच चार तारा आहेत. आणि आज जुळलं, तरी उद्या उतरलेल्याच असणार! काल मिळवलेलं आज साठवून ठेवता येत नाही. थकलेल्या माणसाला ही बातमी वाईट वाटेल असं कुणालाही वाटेल. मला ती सुटका वाटली. ज्या कामात पुढे जायचंच नसतं तिथे मागे पडायची धास्ती कुठून येणार?

दिवाळीनंतरची गोष्ट असेल. एका सकाळी खर्जाची तार छेडल्यावर मला तिच्या वर, खूप वर, आणखी एक सूर ऐकू आला. मी थांबले, पुन्हा छेडली. होता. गंधार होता. तंबोऱ्याची एकही तार गंधारात लावलेली नसते, तरी तो तिथे होता. आत्याकडे पाहिलं तर ती डोळे न उघडता म्हणाली, "आला का? स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. तो रोजच येतो. आज तू आलीस."

खर्जाच्या तारेतून तिच्या मूळ कंपनांच्या पाचपट कंपनं उमटतात, तोच हा गंधार. पण तंबोऱ्यात तो इतका ठळक का, हा प्रश्न एका फार मोठ्या माणसालाही पडला होता. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी वीणा आणि तंबोऱ्याच्या घोडीवर निबंध लिहिला. तार ज्या जागी छेडली तिथे ज्या वरच्या स्वराचा निस्पंद बिंदू असेल तो स्वर उमटायला नको, असा जुना नियम आहे. रामन यांना तंबोऱ्यात तेही स्वर स्वच्छ ऐकू आले. कारण घोडीत होतं. व्हायोलिनच्या घोडीला धार असते, तार एका रेषेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते, किंचित बाकदार असते. तार थरथरताना तिच्या पाठीला पुन्हा पुन्हा स्पर्श करून जाते आणि त्या स्पर्शांतून वरचे सूर जिवंत राहतात. दोऱ्यानं आपण त्या स्पर्शाची जागा ठरवतो. घोडीच्या पाठीचा हा घाट म्हणजे जवारी.

जवारीचं दुखणं बुवांना माघ महिन्यात झालं. मी कितीही लावला तरी आवाज बसका. दोरा कुठेही न्या, तार उघडेना. मी नव्या तारा आणून घातल्या, तरी तेच. शेवटी रिक्षा केली आणि त्यांना मांडीवर आडवं घेऊन मिरजेला नेलं.

सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात अर्धे भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, एका बाजूला फ्रेंच पॉलिशचा वास. तिथल्या कारागीर चाचांनी गवसणी काढली, तंबोरा ओळखला. आत्याची चौकशी केली. मग एकेक तार उचलून घोडीवर नख फिरवलं आणि मला म्हणाले, "बाई, तारांचा काही दोष नाही. घोडीला खाचा पडल्यात. तार रोज त्याच जागी घासते ना. आता कितीबी ताणा, बोलणार नाही."

"मग घोडी बदलायची?"

"कशाला? जुनी हाय, चांगली हाय. जवारी काढून देतो."

पूर्वी घोड्या सांबरशिंगाच्या, हस्तिदंताच्या असत. आता कायद्यानं ते बंद आहे, हाडाच्या नाहीतर फायबरच्या येतात. बुवांची जुनी, पिवळी पडलेली. चाचांनी तारा ढिल्या केल्या, बाजूला सारल्या आणि कानस घेतली. दोन-चार हात फिरवले, पॉलिश पेपर मारला, तार पुन्हा जागेवर, छेडून पाहिली, मान हलवली, पुन्हा तार बाजूला. कितीतरी वेळा. हे काम मापानं होत नाही. चाचा बोलत नव्हते, मीही बोलत नव्हते. मधे त्यांच्या नातवानं चहा आणला, तो निवला. एकदा मी विचारलं की अजून किती वेळ, तर ते म्हणाले, "त्याच्या मनासारखं होईपर्यंत." पाहता पाहता माझ्या लक्षात आलं की ते घोडीत काही भरत नव्हते. खाच भरून निघत नाही. खाचेच्या आजूबाजूचंच थोडं काढून, सगळी पाठ तिच्या पातळीला आणून, मग नवा बाक द्यावा लागतो. घोडी दर वेळी थोडी कमी होते आणि पुन्हा बोलायला लागते.

काम झाल्यावर त्यांनी खर्ज छेडला. दुकानातले टांगलेले भोपळेसुद्धा घुमले.

परत येताना मी मिरासाहेबांच्या दर्ग्यात गेले. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब तिथे विसावलेत. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना एका लहानशा स्टेशनावर त्यांचं निधन झालं आणि देह मिरजेला आणला गेला. त्यांच्या आठवणीत दर्ग्याच्या आवारात दरवर्षी गाणं होतं. खाँसाहेब तंबोरे दुरुस्त करण्यातही वाकबगार होते असं आत्या सांगते. एवढा मोठा गवई कानस घेऊन बसतो हे चित्र मला फार आवडतं.

आमच्या नात्यातल्या एकांनी मधे सुचवलं की एवढं बसतेच आहेस तर परीक्षा दे. प्रारंभिक, प्रवेशिका, मग मध्यमा, विशारद. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांबद्दल मला आदरच आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला ते विद्यालय काढलं, आणि ते स्वतः शिकले ते आमच्या या मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. गाणं चार घरांतून बाहेर काढून सामान्यांच्या पोरींपर्यंत आणलं ते त्यांनी; आत्यानंही त्याच परीक्षा दिलेल्या. तरी तिनं पाहुण्यांना सरळ सांगितलं, "हिला परीक्षेला बसवायचं नाही. हिनं आयुष्यभर परीक्षाच घेतल्यात आणि दिल्यात." पाहुण्यांनी मग मला विचारलं, "मग झालं काय एवढ्या दिवसांत? राग किती झाले?" एकही नाही. मी आजही गात नाही. मोबाइलमध्ये तंबोऱ्याचं ॲप आहे, बटण दाबलं की सुरात वाजतं, रियाजाला आणि प्रवासात फार सोयीचं. ज्यांना गायचंय त्यांनी ते जरूर वापरावं. मला त्याचा उपयोग नव्हता, कारण ते कधी उतरत नाही.

बुवांनी मला बरं केलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टर बाईंच्या भेटी चालू होत्या, काही काळ गोळ्याही होत्या. रजा मंजूर झाली हे भाग्य. कंत्राटावरच्या शिक्षिकेला ते मिळत नाही, आणि तिला तंबोऱ्याची गोष्ट सांगून काय उपयोग? शाळेत परतण्याआधी मी मुख्याध्यापकांना भेटून माझ्याकडची कोणती कामं दुसऱ्याकडे जायला हवीत ते लेखी दिलं. त्यांनी त्यातली काही वाटून दिली. रात्री आठनंतर शाळेचा गट बघत नाही, हे सगळ्यांना सांगून टाकलं. हे झालं नसतं तर बुवा काय करणार होते? पण हेही खरं की ते पत्र लिहायला जी ताकद लागते ती मला सांगलीच्या माजघरात मिळाली. माझं कुठे उतरलंय आणि कुठे नुसतं ताणून उपयोग नाही, एवढं मला तोवर ऐकू यायला लागलं होतं.

आणि कान सुधारला तो वर्गातही बरोबर आला. प्रकट वाचनाच्या वेळी कुणाचा आवाज कुठे अडखळतो, ते अक्षर न येण्यामुळे की सकाळी काही खाल्लेलं नसल्यामुळे, याचा फरक मला आवाजात लागतो. नेहमी लागतो असं नाही. लागला की मी त्या मुलाजवळ जाते, आणि जावंसं वाटतं.

नववीला ध्वनीचा धडा आला तेव्हा मी आत्याकडे बुवांना मागितलं. ती आधी नाहीच म्हणाली. मग तिनं अटी घातल्या: एसटीनं न्यायचा नाही, पंख्याखाली ठेवायचा नाही, आणि पोरांनी हात धुतल्याशिवाय तारेला लावायचे नाहीत. बुवा रिक्षातून शाळेत आले. सतरंजी अंथरली, बाकं मागे सारली, पंखे बंद केले. नळावर हात धुवायला झुंबड उडाली. मी जोडाच्या तारा मुद्दाम किंचित बेसूर ठेवल्या आणि छेडल्या. लाटा मोजायला सांगितल्या. मग मणी सरकवत गेले.

"थांबली, बाई!" एका बाजूनं ओरडा झाला.

"कुठं थांबली? अजून हाय की!" दुसरी बाजू.

खिडकीजवळच्या मुलींचं म्हणणं लाट आहे, भिंतीकडच्या मुलांचं म्हणणं नाही. दोन्हीकडचे आपलं म्हणणं सोडेनात. मी पुन्हा छेडली, पुन्हा तोच वाद. शेवटी खिडकीजवळची एक पोरगी उठली, ओले हात स्कर्टला पुसले आणि म्हणाली, "सरका बाई, मी करते." भिंतीकडच्यांनी आरडाओरडा केला की तिला येणार नाही. तिनं मणी धरला. उलट दिशेला सरकवला, लाट धडाधड वाढली, सगळा वर्ग ओरडला. ती न घाबरता मणी परत आणू लागली. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली, आणि पुढच्या तासाचे मराठीचे सर दारात येऊन उभे राहिले. मी तंबोरा आवरायला हात पुढे केला, तर वर्गातली दोन्हीकडची भांडणारी मंडळी एका आवाजात म्हणाली की थांबा, निकाल लागू दे. सरांनी चपला दाराशी काढल्या, ते आत आले आणि सतरंजीच्या टोकाला बसत म्हणाले, "चालू द्या, मलाही बघू दे कुणाचं खरं."